मखरातली कळी

तुर्की मालिकांच्या बाबतीत मराठी प्रेक्षक आता ठाम मतांचा झाला आहे. २०१५ साली ‘जिंदगी’ वाहिनीवर ‘फेरिहा’ हिंदीत बोलू लागली, तिच्यामागून ‘फातमागुल’ आली आणि पुढे मोबाइलवर डब केलेल्या मालिकांची रांगच लागली. नाशिकात नाटक-सिनेमावर वाद घालायला माणूस कधीही तयार असतो, तेव्हा या मालिकाही त्यातून सुटल्या नाहीत. त्या वादांत एक मत मात्र बिनविरोध निवडून आल्यासारखं वावरतं आहे. तुर्की मालिका मुलीचं कोवळं वय फुलांच्या प्रतिमेतून फार तरलपणे उभं करतात, असं ते मत. पुरावा म्हणून ‘किर्गिन चिचेकलेर’ हे नाव पुढे केलं जातं. दुखावलेली फुलं, असा त्याचा अर्थ. मग ओघानेच येतं की ही तर आपलीच परंपरा. कळी, उमलणं, सुगंध हे सगळं मराठीत मुरलेलं आहे, आपल्या मालिकावाल्यांना ते नीट वापरता येत नाही एवढंच.

मत ऐकायला गोड आहे, म्हणून कुणी तपासत नाही. फुलाची प्रतिमा मुलीच्या बाजूची आहे, ती आपल्या परंपरेतून आली आहे आणि तिच्यामुळे मुलींविषयी कणव वाढते, असं त्यात धरून चाललेलं आहे. यातलं पहिलं चूक आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसऱ्याचा हिशेब कुणी मांडलेलाच नाही.

आधी तुर्कस्तानचंच बघू, कारण तिथल्या मालिकांवरही या कौतुकाने अन्याय केला आहे. ‘किर्गिन चिचेकलेर’ ही एटीव्ही वाहिनीवर २०१५ ते २०१८ या काळात चालली. इस्तंबूलमधल्या अनाथाश्रमात राहणाऱ्या पाच मुलींची ही गोष्ट. त्यातली एयलुल हिच्यावर सावत्र बाप हात टाकतो आणि सख्खी आई तिच्यावर विश्वास ठेवत नाही. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं ते या अविश्वासाने. मालिकेचं नाव फुलांचं असलं, तरी तिचा जीव ‘आई माझं का ऐकत नाही’ या प्रश्नात आहे. पुढे या मुली श्रीमंतांच्या शाळेत जातात, भांडतात, खोटं बोलतात, एकमेकींना सांभाळतात, कधी एकमेकींवर उलटतात. फुलं असलं काही करत नाहीत. मालिका जिथे जिथे चांगली आहे, तिथे तिथे ती आपल्या नावाला विसरलेली आहे.

‘फातमागुल’ त्याहून बोलकं उदाहरण. नायिकेच्या नावातच गुलाब आहे. वेदात तुर्काली यांच्या कथेवर १९८६ मध्ये सिनेमा निघाला आणि २०१० ते २०१२ दरम्यान मालिका. समुद्रकाठच्या गावातल्या एका मुलीवर पैसेवाल्या घरची पोरं अत्याचार करतात आणि प्रकरण मिटवायचं म्हणून तिचं लग्न त्या टोळक्यातल्याच एकाशी लावून देतात. हे लेखकाच्या डोक्यातून निघालेलं क्रौर्य नव्हतं. तुर्कस्तानच्या जुन्या दंडसंहितेत अशी सवलतच होती. अत्याचार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की त्याची शिक्षा टळत असे. २००४ मध्ये नवी दंडसंहिता मंजूर झाली तेव्हा कुठे ती गेली. मालिकेचं मूळ नाव एक प्रश्न आहे: फातमागुलचा गुन्हा काय? तो प्रश्न घेऊन ती कोर्टात उभी राहते आणि शेवटपर्यंत उभी राहते. अशा मालिकेतून कुणाच्या लक्षात फक्त गुलाब राहत असेल, तर खोट गुलाबात नाही.

आता ‘आपली परंपरा’. फूल आणि मुलगी यांची गाठ मराठी घरात कुठे पडत होती, याचं उत्तर कवितेत शोधण्याआधी माजघरात शोधावं. मुलीला न्हाण आलं की तिला मखरात बसवत. मखर फुलापानांनी सजवलेलं, मुलीच्या अंगावर नवं वस्त्र, केसांत वेण्या, आळीतल्या बायका ओटी भरायला येणार, दारात वाजंत्री. पोर अकरा-बारा वर्षांची, पोटात दुखतंय, काय चाललंय ते धड कळत नाही, आणि सगळी आळी तिच्याकडे पाहते आहे. ती सजावट कशाची होती? ही मुलगी आता नवऱ्याकडे पाठवण्याजोगी झाली, याची ती दवंडी होती. मखरानंतर गर्भाधान. फुलं त्या दोन विधींच्या मधली पायरी होती. आज मालिकांतल्या डोहाळजेवणाच्या भागांत फुलांचे दागिने आणि फुलांचा झोपाळा आठवडाभर पुरवून दाखवतात, त्याच्या मागे हे मखर उभं आहे. दिग्दर्शकाला ते ठाऊक असेलच असं नाही. प्रेक्षकाच्या आजीला मात्र ठाऊक असतं.

या मखराची किंमत किती होती ते १८९० मध्ये कलकत्त्यात कळलं. दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याच्या बळजबरीनंतर मेली. संमतीचं वय तेव्हा कायद्याने १० होतं आणि ती ते ओलांडलेली, शिवाय बायको. म्हणून बलात्काराचा आरोप टिकलाच नाही. नवऱ्याला जेमतेम वर्षभराची शिक्षा झाली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतीचं वय १२ करणारा कायदा आला आणि महाराष्ट्रात रण माजलं. ‘केसरी’तून टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, ही त्यांची भूमिका; आणि विरोधकांचा मोठा आधार होता तो गर्भाधानविधी ठरल्या वेळी झालाच पाहिजे, हा. रानडे, भांडारकर, तेलंग कायद्याच्या बाजूने होते. इतका सगळा वाद झाला, पण मखरात बसवलेल्या मुलीला काय वाटतं, हे वादातल्या मोठ्या माणसांपैकी फार थोड्यांना विचारावंसं वाटलं.

न्यायमूर्ती रानड्यांचं नाव निघालंच आहे, तर नाशिककरांनी थोडं थांबायला हवं. महादेव गोविंद रानडे जन्मले १८४२ साली निफाडला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाची पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमेशी लग्न केलं. स्वतःचं वय एकतीस. ही गोष्ट ‘उंच माझा झोका’ या मालिकेने २०१२ मध्ये घराघरांत नेली. मालिका वाईट नव्हती. रमाबाईंचं शिकणं आणि त्यापायी घरातल्या बायकांचे टोमणे झेलणं तिने दाखवलं. पण लोकांनी डोक्यावर घेतली ती परकरातली, पटापटा बोलणारी, डोळे मोठे करून बघणारी छोटी रमा. किती गोड, किती निरागस! त्याआधी २००८ पासून ‘बालिका वधू’तल्या आनंदीने हेच केलं होतं आणि २०१९ मध्ये ‘स्वामिनी’ने पेशव्यांच्या रमेला घेऊन तोच गोडवा पुन्हा आणला. एकामागून एक मालिकांत बालविवाह म्हणजे एका गोंडस मुलीचं सुंदर बालपण होऊन बसला. फुलाची प्रतिमा तोंडाने उच्चारली नाही, तरी काम तिचंच चाललेलं असतं. अकरा वर्षांच्या नवरीकडे बघताना माणसाला काटा यायला हवा, तिथे त्याला वास येतो.

रमाबाईंनी स्वतः काय लिहिलं? ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे त्यांचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. त्यात धाक आहे, शिकवणी आहे, सासरच्या बायकांचा अबोला आणि अपमान आहे, नवऱ्यावरचं प्रेम आहे आणि त्याच्यापुढे दबून राहणंही आहे. रानड्यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा इथेच त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते न्यायमूर्तींनी लिहून दिलेलं होतं. विशीसुद्धा न गाठलेली मुलगी, हातात नवऱ्याचा कागद, समोर गावातली प्रतिष्ठित मंडळी. एवढ्या एका प्रसंगात उसनी भाषा, भीती, हुशारी आणि हौस असं सगळं भरलेलं आहे. पुढे त्याच बाईंनी सेवासदन उभं केलं. असा माल दाराशी पडलेला असताना लेखकाने गजऱ्याच्या क्लोजअपवर वेळ का घालवावा?

इथे परंपरेचे वकील म्हणतील की मखर ही एक बाजू झाली. मुलींचं फुलांशी आपलं असं नातं नव्हतं का? होतं, आणि तेच त्यांच्या पक्षावर उलटतं. आश्विनात हादग्याला, भोंडल्याला मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. नाशिकच्या उत्तरेला खानदेशाकडे सरकलं की भुलाबाई, गुलाबाई येतात. हत्तीला फुलांच्या माळा असतात, खिरापत असते, ती ओळखायची धमाल असते. आणि गाणी कसली असतात? सासू, नणंद, माहेर, मूळ येणं, न येणं. कारल्याच्या वेलाचं गाणं प्रत्येक मराठी मुलीने कधीतरी म्हटलेलं असतं. सुनेला माहेरी जायचं आहे आणि सासू अटींवर अटी घालते: आधी वेल लाव, त्याला फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. या गाण्यात फूल आहे, पण ती मुलगी नव्हे. ती सासूने लांबवलेल्या मुदतीतली एक तारीख आहे. मुलगी त्या फुलाकडे टक लावून आहे, कारण ते आल्याशिवाय तिची सुटका नाही.

मुलींनी पिढ्यान् पिढ्या आपसात म्हटलेल्या गाण्यांत फूल असं हातातलं, कामातलं, वाटाघाटीतलं आहे. स्वतःला कळी म्हणवून घेण्याची हौस तिथे फारशी दिसत नाही. तो शब्द मुलीकडे बाहेरून येतो.

सावित्रीबाईंचं काय, असा पुढचा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. १८५४ मध्ये आलेल्या त्यांच्या संग्रहाचं नावच ‘काव्यफुले’. घराण्याचं आडनावही फुलांच्या धंद्यातून आलेलं. पेशव्यांना फुलं पुरवणाऱ्या गोऱ्हे मंडळींचे फुले झाले. संग्रहात फुलांवर कविता आहेतच. पण त्यातली फुलपाखरू आणि कळीवरची कविता काढून पाहावी. कळीच्या रूपावर भाळून फुलपाखरू येतं, मध घेतं आणि तिला विसरून निघून जातं. म्हणजे कळीची प्रतिमा वापरणारी बाई फुलपाखराकडेही बोट दाखवते. आपल्या मालिकांत आणि बातम्यांच्या मथळ्यांत नेमकं हेच बोट गळालेलं असतं. कळी कोमेजली, कळी कुस्करली, कळी खुडली. कोणी, ते पुढच्या परिच्छेदात, आणि तेही ‘नराधम’ असं एक मोघम विशेषण लावून, जणू तो आकाशातून पडला. तो बहुतेक वेळा शेजारचा, नात्यातला, ओळखीचा असतो. एयलुलच्या गोष्टीत तो घरातच होता.

आणि फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध? १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त तो छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलं. त्या वयाच्या मुलीच्या हातात लेखणी दिली की ती कशाबद्दल बोलते, याचा मराठीतला हा पहिल्या काही पुराव्यांपैकी एक. तिने धर्माला प्रश्न विचारले, अन्यायाची नावं घेतली. कोवळेपण जपणाऱ्यांना हा निबंध फारसा आठवत नाही, कारण त्यात जपण्यासारखं कोवळं काही सापडत नाही.

फुलांचीच बोली बोलायची, तर निदान फुलांचा धंदा तरी बघावा. नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत. पेशवाईत जुनं नाव परत आलं, फुलं राहिली. आज दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी, जानोरीकडे गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. तिथे गुलाब कसा काढतात ते पाहण्यासारखं आहे. कळी धरली की तिच्यावर जाळीची छोटीशी टोपी चढवतात. त्यामुळे कळी आकाराने मोठी होते, पण उमलत नाही. पाकळ्या सुटायच्या आत, घट्ट असतानाच दांडी कापायची, सकाळ-संध्याकाळ. मग थेट गारव्यात. दांड्या लांबीप्रमाणे निवडायच्या, खालची पानं आणि काटे काढायचे, वीस-वीस दांड्यांची जुडी बांधून पन्हळी कागदात गुंडाळायची. यातलं बरंचसं काम बायका करतात. उमललेला गुलाब या धंद्यात वाया गेलेला माल असतो. तो पाकळ्यांच्या ढिगात जातो. मोगऱ्याचंही तेच. गजऱ्यासाठी लागते ती बंद कळी, ग्राहकाच्या केसांत जाऊन उमलणारी.

उमलण्याचं कौतुक करणाऱ्या प्रतिमेचा बाजार असा न उमलण्यावर चालतो. मालिकांचं गणित याहून वेगळं नाही. मुलगी कळी असेपर्यंत पडदा तिच्यावर लुब्ध असतो. ती उमलू लागली, म्हणजे तिला मत फुटू लागलं, की एकतर तिचं लग्न होतं किंवा ती खलनायिका होते. ‘फुलाला सुगंध मातीचा’ २०२० मध्ये आली. तिच्या नायिकेला आयपीएस व्हायचं होतं, आणि तरीही मालिकेचा मुख्य ताण सासूला ते कधी पटेल हाच राहिला. ‘अबोली’च्या नायिकेला तर नावच असं दिलं की फुलाचा नाजूकपणा आणि तोंड मिटून राहणं एकाच दमात उरकावं. शीर्षकगीत लिहिणाऱ्याचं काम सोपं झालं, नायिकेचं अवघड.

याच शहरात फुलं हाताळणाऱ्या मुलीही आहेत. रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर द्रोणात फुलं आणि वात ठेवून गोदावरीत सोडायला विकतात, त्या टोपल्यांशी आयांच्या शेजारी शाळकरी पोरी बसलेल्या असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे टेम्पो शहरात उतरतात. सकाळी चढा असलेला भाव दुपारी कोसळला की उरलेला ढीग रस्त्यावरच टाकून शेतकरी घरी जातो. त्या ढिगाजवळ सुई-दोरा घेऊन तोरणं ओवणाऱ्या मुलीला भाव कधी पडणार याचा अंदाज असतो, ग्राहक घासाघीस कुठवर करणार तेही कळतं, आणि ‘ताई, दोन घ्या, बोहनी नाही झाली’ हे कुठल्या चेहऱ्याला सांगायचं याचंही भान असतं. तिचं बालपण सुखाचं आहे असा दावा इथे कुणी करत नाही. पण फूल आणि मुलगी एका चौकटीत बघायची असतील, तर ही चौकट कुठल्याही मालिकेने अजून लावलेली नाही. कोवळेपणाच्या व्याख्येत ती बसत नाही.

कणवेचा मुद्दा उरला. फुलाची प्रतिमा हृदयाला हात घालते आणि त्यातून सुधारणा होते, असं म्हणतात. मराठी रंगभूमीने हा प्रयोग करून पाहिलेला आहे आणि त्याचा एक खेळ नाशिकला झाला. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघतो. देवलांचं मोठेपण असं की शारदेला त्यांनी शोभेची ठेवली नाही. आपली भीती ती आपल्या तोंडाने सांगते. महाराष्ट्र तिच्यासाठी रडला. पण लग्न मोडतं कशाने? वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. शारदेच्या नकाराने काही होत नाही; शास्त्रातली एक अडचण तिला वाचवते. प्रेक्षकांची कणव आणि मुलीचा शब्द यांच्यातलं हे अंतर देवलांना दिसत होतं. फुलांच्या भक्तांना ते अजून दिसत नाही.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चाच प्रयोग होता आणि कलेक्टर जॅक्सन तो पाहायला आला होता. अनंत कान्हेरेने त्याला तिथे गोळ्या घातल्या. तो दिवस इतिहासात गेला तो गोळ्यांमुळे, आणि ते साहजिक आहे. पण त्या संध्याकाळी रंगमंचावर एका मुलीच्या वयाचा प्रश्न मांडला जाणार होता, हे शहराला क्वचितच आठवतं. शारदेच्या भूमिकेत तेव्हा बालगंधर्व असत. त्यांच्या वेण्या-गजऱ्यांची, लुगडं नेसण्याची नक्कल पुढे घरंदाज बायका करू लागल्या. मराठी मनातली फुलांनी सजलेली कोवळी तरुणी ही अशी एका पुरुषाने साकारलेली, पुरुषांनी लिहिलेली आणि बायकांनी आरशात उतरवलेली आकृती आहे. बालगंधर्वांच्या कलेला यातून उणेपणा येत नाही. ही प्रतिमा मुलीच्या बाजूची आहे, या दाव्याला मात्र येतो.

रडून झाल्यावर काय झालं, तेही पाहावं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ करणारा कायदा यायला १९२९ उजाडलं. ते १८ झालं १९७८ मध्ये. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. सव्वाशे वर्षं कळ्यांवर अश्रू ढाळणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कुणाकडे ठेवायची, शाळा गावात सातवीला संपते मग पुढे एसटी आहे का, हुंडा वय वाढलं की वाढतो का, हे प्रश्न या आकड्यामागे आहेत. कळी या शब्दात त्यांपैकी एकही मावत नाही. शाळांतून वयात येणाऱ्या मुलींसाठी ‘कळी उमलताना’ नावाची व्याख्यानं होतात. आत डॉक्टर बाई पाळी, पॅड, स्वच्छता, चुकीचा स्पर्श हे सगळं स्वच्छ सांगतात. फलकावर तेवढं कुणी लिहीत नाही. मखर तिथे फलकापुरतं का होईना, शिल्लक आहे.

एक आक्षेप अस्सल नाशिककरच घेईल. ज्या शहराने आपल्या सर्वांत मोठ्या कवीला फुलाच्या नावाने ओळखलं, त्याने फुलाच्या प्रतिमेला नाक का मुरडावं? विष्णू वामन शिरवाडकरांनी कुसुमाग्रज हे नाव घेतलं ते आपल्या एकुलत्या एक लाडक्या बहिणीवरून. कुसुमचे ते थोरले भाऊ. इथे कुसुम हे एका खऱ्या मुलीचं नाव आहे, आणि ज्ञानपीठ मिळवणारा भाऊ जन्मभर तिच्या नात्याने ओळखला गेला. मुलीला फूल म्हणण्याशी याचा संबंध नाही. उलट बहीण कोणाची, असं विचारणाऱ्या जगात भाऊ कोणाचा, हे सांगणारं ते नाव आहे. हा दाखला फुलांच्या वकिलांनी देऊ नये, त्यांचाच खटला कमजोर होतो.

राहता राहिला सवाल, मग मुलीचं बालपण पडद्यावर दाखवायचं कसं? हेही नाशिकनेच दाखवून ठेवलेलं आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीसाठी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ केला आणि त्यात कृष्ण केला तो त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने. सहा-सात वर्षांची पोर. चित्रपटाच्या सुरुवातीला ती कृष्ण नसतेच. साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर उभी राहून एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. बाप जणू प्रेक्षकाला बजावतो की पुढची सगळी करामत या पोरीची आहे. मग ती खोड्या काढते, मार खायची वेळ आणते, डोहात उडी घेऊन नागाशी झुंजते आणि त्याच्या फण्यावर उभी राहते. ज्या काळात बायकांच्या भूमिकांना बाई मिळत नव्हती आणि ‘राजा हरिश्चंद्रा’तली तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, त्यानंतर सहाच वर्षांत हे घडलं. त्या मुलीला कुणी जपलं नाही, खुडलं नाही, उमलूही दिलं नाही. तिला काम दिलं. चित्रपटाचा बराच भाग अजून शाबूत आहे आणि पाहायला मिळतो. मराठी वाहिन्यांच्या लेखकांनी इस्तंबूलची वाट धरण्याआधी तो एकदा लावावा, आवाज नाही त्याला, पण पहिल्या काही मिनिटांतच काम भागेल.